घालमेल मोजायला निघाले तेव्हा

सांगली, रविवार

तीर्थस्वरूप दादा,

अंजनाचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला थांबला का? मी ठीक आहे. म्हणजे बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की कशाला उठले ते आठवत नाही, एवढंच.

मनाची घालमेल मोजणारी आपल्या बोलीतली पहिली चाचणी मी तीस वर्षांपूर्वी केली. (तुम्ही अजून पाहुण्यांना ‘आमची अंजी डोकी तपासती’ असंच सांगता.) आधीच्या परक्या चाचणीत प्रश्न होता, लिफ्टमध्ये गुदमरतं का? लोक विचारायचे, ‘कुनाच्या गाडीवर?’ आता निवृत्तीआधी तीच चाचणी पुन्हा पारखायला निघाले. सोबत आमच्या कॉलेजातले संख्याशास्त्राचे बिराप्पा सर. जतकडचे, अबोल. (विधुर आहेत. सहज सांगितलं.)

उंब्रजात कुणीतरी उठवलं, ज्याची घालमेल जास्त त्याला सरकारी योजना. झालं! म्हातारे नानासो प्रत्येक प्रश्नाला ‘व्हय’. बाळंतपणाची भीती वाटते का, हा बायकांचा प्रश्नही सोडेनात. ‘लय वाटती मॅडम, लिवा!’

मग तुमच्या कोरेगावात. तिथं भरतीच्या पोरांत बोलवा, की हे कागद सैन्यात जाणार. एकजात साधुसंत! ‘छाती धडधडते का?’ ‘न्हाई मॅडम,’ म्हणत एकानं पेन इतकं दाबलं की कागद फाटला. (घरी आले नाही, रागावू नका. सर सोबत होते.)

परतताना गाडीत मला रडू फुटलं. सगळं आयुष्य खोट्या उत्तरांवर गेलं की काय! सर म्हणाले, “आवं, खोटं का बोलली ते तर कळलं की. त्येबी मोजू.” मग माणूस वाढवून सांगतो की लपवतो, ते पकडणारे नवे प्रश्न आम्ही बसून लिहिले. पहिल्यांदा मीच सोडवले. मी सपशेल लपवणारी निघाले.

बाकी क्षेम.

तुमची
अंजी

ता.क. सरांनी विचारलं, “काय लपवताय?” मी सांगून टाकलं. त्यांचा चष्मा खाली पडला, पण हो म्हणाले. पुढच्या महिन्यात नोंदणी कचेरीत लग्न आहे. ते धनगर, आपण मराठे; भावकीत काय उठेल ते मला ठाऊक आहे. साक्षीदाराची सही तुमची हवी.

ता.क. २ नकार द्यायचा तर फोनवर नको, समोर येऊन द्या. स्टँडवर न्यायला ‘ते’ येतील. माझ्याच्यानं तिथं उभं राहवणार नाही.