भिंतीवरची लुडीमावशी

२७ मे
ब्रॉयल्स आज पुन्हा भिंतीपाशी हजर! १९ जूनच्या मुक्तिदिन समितीचे अध्यक्ष ते. चित्रासाठी चर्चची ही भिंत त्यांनीच मिळवून दिली, म्हणून मुकाट्याने ऐकून घेतलं.
"कॉर्लेट, सैनिक कुठाय? सुटकेचा हुकूम वाचणारा?"
म्हटलं, सैनिक नाही काढणार. या गॅल्व्हेस्टनमध्ये तो जिथे तिथे कागद वाचतच उभा आहे. मला ऐकणारे काढायचेत. गुलामी संपल्याचा हुकूम निघून अडीच वर्षं झाली तरी ज्यांना कुणी कळवलंच नाही, ती माणसं. १८६५च्या जूनमधल्या त्या दुपारी ते कानावर पडल्यावर चेहरा कसा झाला असेल?
"कसा म्हणजे? आनंदाचा!" असं म्हणून चालते झाले.
मधली बाई अजून बिनचेहऱ्याची. तीच सापडत नाही.

२९ मे
पुन्हा पुसलं. उकाडा, डास, त्यात आवारात ओरिसच्या बँडची तालीम. नवरा ट्रॉम्बोन वाजवतोय आणि मी शिडीवरून ओरडतेय. "भांडण भिंतीशी आहे की माझ्याशी, एकदा ठरव," म्हणाला.

१ जून
लुडीमावशी समोर बसायला तयार झाली! आईची धाकटी बहीण, एक्क्याऐंशीची, एकटी राहते, जीभ तिखट. छत्री, हातपंखा, लाल सोडा असा सगळा सरंजाम घेऊन आली.
"हसू का?"
जशी आहेस तशी बस म्हटलं.
"बरं झालं. हसायचं तर दात लावावे लागले असते."
मी म्हटलं, मावशी, समज, तू सुटलीस हे आत्ता कळलंय तुला. म्हणाली, "मी नाचले नसते. विचारलं असतं, माझी पोर कुठं विकलीत?"
आणि उठून सरळ फाटकाबाहेर!
बाकीचं घरी सोडताना गाडीत सांगितलं. खिडकीबाहेर बघत. सतराव्या वर्षी मुलगी झाली. आजोबांनी परस्पर कुणा जोडप्याला देऊन टाकली. "एकदाच छातीशी धरली मी." नंतर घरात कुणी विषय काढला नाही. आईला माहीत होतं — माझ्या आईला! मला कधी बोलली नाही.
नुसती गाडी चालवली.

४ जून
सापडली. सगळा जमाव टोप्या उडवतोय, आणि मधली बाई पाठ फिरवून रस्त्याकडे बघतेय. एक पाऊल पुढे टाकलेलं.
मावशीला विचारलं, काढू ना अशी? "काढ. माझं नाव नको घालूस."

९ जून
ब्रॉयल्स भडकले. "लोक पोराबाळांना घेऊन येणार, खाणार-पिणार, नाचणार, आणि समोर ही सुतकी बाई? हसवा तिला. नाहीतर भिंतीला चुना फासून घेतो मी."
आजवर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. एवढी मोठी भिंत पहिल्यांदाच मिळाली. पुन्हा कोण देणार?

१० जून
हसवली. मान वळवून, ओठ रुंद करून. जेवण गेलं नाही.

१२ जून
मावशी येऊन बघून गेली. "ही कोण गं? टूथपेस्ट विकते का?" एवढंच. थांबलीसुद्धा नाही.
सगळं तोंड खरवडून काढलं. ओरिसने शिडी धरली. "आणि चुना फासला तर?"
फासू दे!

१८ जून
होती तशी केली तिला. आधीपेक्षा जास्त घाईत आहे आता ती.
ब्रॉयल्स आले. हॅट काढून बराच वेळ उभे. शेवटी म्हणाले, "चुना वाळायलाही वेळ नाही आता." गेले. माझ्याकडे बघितलं नाही.

१९ जून
ही गर्दी! ओरिस झोकात कूचाची धून वाजवणार होता. भिंतीसमोर आला आणि काय झालं त्याला, एकट्यानेच संथ काहीतरी धरलं. ढोल मागून, अगदी हळू. बोलणी थांबली.
एक म्हातारी पुढे झाली. भिंतीवरच्या त्या पावलावर हात ठेवून मोठ्याने एक नाव घेतलं. तिच्या पणजीची बहीण, लुईझियानात विकलेली. मग मागून कुणी दुसरं नाव. मग आणखी. घराघरांत जपलेली नावं, परत न आलेल्यांची. बँड थांबला नाही, नावं थांबली नाहीत. ब्रॉयल्सनीही एक घेतलं. आवाज फाटला त्यांचा.
मावशी कुंपणापाशी एकटी उभी. ओठ हलताना दिसले. ऐकू आलं नाही.
नंतर मांस भाजलं, नाच झाला. सगळं झालं. मला एका जागी बसवेना.

२१ जून, फेरीबोटीवर
सकाळीच मावशी दारात. चर्चचे कपडे, हातात पिशवी. "गाडी काढ. बोमाँटला जायचंय."
तिथे काय आहे?
"माझी पोर. पत्ता कधीचा ठाऊक आहे मला. पाऊल उचलत नव्हतं."
बोमाँट! दोन तासांची वाट. सगळा जन्म!
ती दार उघडेल का, मावशीने विचारलं नाही. मीही नाही. बोट लागतेय.