निळ्या वहीची व्यवस्था

मी, जिची सही या कागदाच्या शेवटी आहे ती, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त लघुलेखिका, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि मागे कोणीही उभे राहून सांगत नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली, वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ सात मिनिटे मागे आहे हेही सांगितले. दाखला लगेच मिळाला.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली आहेत. पहिल्यात सगळे मुलाला दिले, दुसऱ्यात त्याला काहीच दिले नाही. पहिले मुलीवर रागावून केले होते, दुसरे मुलावर. दोन्ही रद्द समजावीत. हे तिसरेही रागातच लिहीत आहे, पण या वेळी राग ज्याच्यावर हवा त्याच्यावर आहे.

मला दोन अपत्ये. थोरला मुलगा लोकांना वर्तमानात जगायला शिकवतो. धाकटी मुलगी इस्पितळात परिचारिका आहे. ती कोणाला काही शिकवत नाही, कारण तिला बसायलाही वेळ नसतो.

कलम एक. राहते घर, म्हणजे वरच्या तीन खोल्या, जिना, गच्ची आणि खालचे दुकान, दोघांना निम्मे निम्मे. जिन्याची चौथी पायरी हलते. ती दुरुस्त करू नये. कोण वर येते आहे ते तिच्यावरून मला आयुष्यभर कळले.

कलम दोन. खालच्या दुकानात सुतार आहेत. ते हयात असेपर्यंत त्यांना कोणी हलवू नये. थोरल्याच्या मनात पुढच्या खोलीत आपले वर्ग भरवायचे आहेत, ते मला माहीत आहे. वर्गातल्या मंडळींकडून रंध्याच्या आवाजाने ध्यानात व्यत्यय येतो अशी तक्रार आली, तर ध्यान हलवावे, रंधा नाही. सुतारांनी कोणताही वर्ग केलेला नाही, पण फळीवरून रंधा फिरवताना त्या माणसाला हाक मारून बघा. फळी संपेपर्यंत ओ मिळणार नाही, आणि संपल्यावर जे मिळेल ते पूर्ण लक्ष देऊन मिळेल. माझ्या मुलाच्या बाबतीत नेमके उलटे आहे. हाकेला लगेच ओ देतो आणि पुढचे काहीच ऐकत नाही.

कलम तीन. पुढची खोली वर्गांसाठी वापरण्यास थोरल्याला परवानगी आहे, पुढील अटींवर. खिडकीच्या काचा त्याने स्वतः पुसाव्यात. ‘क्षण’ हा शब्द एका तासात तीनपेक्षा जास्त वेळा वापरू नये. वर्ग चालू असताना स्वतःचा फोन बंद ठेवावा.

फोनच्या अटीचे कारण नोंदवणे आवश्यक आहे. गेल्या महिन्यात मी त्याच्या वर्गाला गेले. बेकरीच्या वर एक खोली आहे, पायमोजे घातलेली वीस माणसे डोळे मिटून बसलेली, आणि माझा मुलगा पांढऱ्या सदऱ्यात, कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात सांगतो आहे, “जे कानावर पडतंय ते पडू द्या. पकडू नका. सोडू नका.” पुढे मी काय केले ते मलाही कळले नाही. पिशवीतली वही निघाली, पेन्सिल निघाली, आणि अर्ध्या तासात मी चार पाने लघुलिपीत भरली.

वर्ग संपल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, “आई, तू लिहीत होतीस?”

“सवय आहे.”

“इथे सवयी सोडायला यायचं असतं, आई. बरं, काय लिहिलंस ते वाच तरी.”

मी वाचले. कोर्टात वाचत असे तसेच, चढउतार न ठेवता. “जे कानावर पडतंय ते पडू द्या. पकडू नका. सोडू नका. खोकला, डावीकडून. श्वास आत. फोनची घंटा, शिक्षकांची. सॉरी सॉरी, चालू राहू द्या. श्वास बाहेर. फोनची घंटा, पुन्हा शिक्षकांची.”

वीसही माणसे हसली. एक बाई हसता हसता आडवी झाली. थोरला हसला नाही. जिन्यात मी त्याला ऐकवले, “लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.” तो माझी पिशवी धरून दोन पायऱ्या खाली उभा होता. म्हणाला, “माझं जाऊ दे, आई. हे आत्ताचं फाडफाड वाचलंस ना? मग बाबांचं का नाही वाचत?”

त्याचे उत्तर कलम सातमध्ये आहे. सर्व कलमे क्रमाने वाचावीत, पुढे उड्या मारू नयेत.

कलम चार. माझी हत्यारे. टंकलेखन यंत्र धाकटीला. पेन्सिली तासायची सुरी सुतारांना, तिचे पाते त्यांनीच चारदा बदलले आहे. बाकी पेन्सिली ज्याला हव्यात त्याला.

इथे माझ्या धंद्याबद्दल दोन वाक्ये लिहिते, कारण पुढचे त्यावर अवलंबून आहे. मी चौतीस वर्षे कोर्टात साक्षी उतरवून घेतल्या. पहिल्या दिवशी आमच्या मुख्य लघुलेखकांनी एकच गोष्ट शिकवली: “बाई, कान ते हात. मध्ये डोकं आणलंत की चार शब्द मागे पडाल.” मी कधीच मागे पडले नाही. एकदा एक आई आपल्या मुलाबद्दल दीड तास साक्ष देत होती. पंख्याचा आवाजही मोठा वाटावा, इतकी कोर्टात शांतता होती. पट्टेवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “काय बोलली हो ती माऊली!” मी विचारले, “काय बोलली?” त्याला वाटले मी थट्टा करते आहे. एकोणीस पानांत एकही शब्द चुकला नव्हता, आणि त्यातला एकही माझ्या कानी पडला नव्हता.

या गोष्टीचा मला तेव्हा अभिमान वाटला. तो मी या मृत्युपत्राने रद्द करते.

कलम पाच. बैठकीतला मोठा आरसा नणंदेला. माझ्या लग्नात ती पाहुण्यांना सांगत होती, “नवरी नवऱ्याकडे बघतच नाही, सारखी घड्याळाकडे बघते.” पंचावन्न वर्षे मी ते वाक्य मनात धरून ठेवले, कारण ते खरे होते. मला सोमवारी कामावर हजर व्हायचे होते. आरसा तिने घ्यावा आणि माझ्याबद्दल आणखी काही दिसले तर आता मोकळेपणाने बोलावे.

बँकेतली शिल्लक धाकटीला. तिच्या पायांना विश्रांती हवी आहे आणि ती स्वतःहून घेणार नाही. थोरल्याने यावर तोंड वाकडे करू नये. त्याला कलम सात आहे.

कलम सहा. माझ्यामागे भाषणे नकोत. ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द कोणी उच्चारू नये. कोणाला अगदीच काही करावेसे वाटले, तर त्याने घरी जाऊन ज्याच्याशी बोलायचे राहिले असेल त्याच्यासमोर हात मोकळे ठेवून बसावे. मोकळे म्हणजे मोकळे. भाजी निवडत नव्हे, कपड्यांच्या घड्या घालत नव्हे.

माझे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. काचेची नळी असो, मुंगी असो, गच्चीवरचा ढग असो, त्या माणसाला सगळे कोणाला तरी दाखवावेसे वाटे. “अगं, इकडे ये, बघ.” मी म्हणे, “आले.” माझ्या संसारातला सर्वांत खोटा शब्द हाच. बाकी मी कधी खोटे बोलले नाही. ‘आले’ मात्र दिवसातून दहादा म्हणत असे, आणि हातातले काम संपवून जाईपर्यंत मुंगी निघून गेलेली असे. ते रागावत नसत. “गेली,” एवढेच म्हणत.

कलम सात. निळी वही.

अकरा वर्षांपूर्वी, यजमानांच्या शेवटच्या दिवशी, डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले होते की ताप आणि औषधांच्या वेळा लिहून ठेवा. म्हणून निळी वही माझ्या मांडीवर होती. दुपारी चारच्या सुमारास ते बोलू लागले आणि माझा हात चालू लागला. कान ते हात. नवरा मरत होता आणि मी त्याची साक्ष उतरवून घेत होते. पावणेसहाला ते गेले. साडेसहाला थोरला चौथ्या पायरीवरून धावत आला. त्याने विचारले, “बाबा काही बोलले?” मी म्हणाले, “वहीत आहे.” त्यानंतर अकरा वर्षे मी ती वही उघडली नाही.

तो दरवर्षी विचारतो. मी दरवर्षी सांगते, “जुनी लघुलिपी थंड पडते रे, लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही.” इतरांच्या बाबतीत ते खरे असेल. माझी लिपी मला चाळीस वर्षांपूर्वीचीही लागते. खरे कारण असे की, त्या वहीत औषधांच्या यादीखाली माझ्या नवऱ्याचे शेवटचे बोलणे बिनचूक उतरलेले आहे आणि त्यातला एकही शब्द मला आठवत नाही, हे मुलाला कोणत्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा लिपी थंड पडलेली बरी.

मी कठोर आहे असे म्हणतात. मी भित्री आहे. नोंद व्हावी.

त्या वर्गावरून आल्यावर मी धाकटीला फोन करून फोनच्या घंटेची गोष्ट रंगवून सांगितली. ती हसेल असे वाटले होते.

ती म्हणाली, “आई, तो फोन का बंद करत नाही, तुला खरंच माहीत नाही?”

“मिजास. दुसरं काय?”

“बाबा गेले त्या दिवशी त्याचा फोन बंद होता. कसल्याशा मीटिंगमध्ये बसला होता. मी सतरा वेळा लावला. तेव्हापासून तो झोपतानाही बंद करत नाही. आणि हे वर्ग त्याने कशामुळे सुरू केले असतील? जरा डोकं चालव की.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“सांगितलं होतं गं. मीच सांगितलं होतं, दोनदा. तू ‘हं’ म्हणालीस.”

सबब कलम तीनमधील फोनची अट मी रद्द करते. काचा आणि ‘क्षण’ या अटी कायम.

ही वही कोणाला द्यायची म्हटले तर ती वाचता येणार फक्त मला. दुसऱ्याला वाचता न येणारी वस्तू वारशात देणे म्हणजे कुलूप देऊन किल्ली सोबत नेणे. म्हणून आज सकाळी, हे कलम लिहिण्यापूर्वी, मी ती उघडली. एक शब्दही न बदलता उतरवते.

‘चार वाजून दहा. ताप एकशे एक. पाणी दोन घोट. खिडकी उघड जरा. अजून. हां. खाली रंधा चाललाय. लाकूड ओलं आहे त्याचं, आवाज बघ कसा जड येतोय. थोरला आला का? नाही आला. येईल. त्याला रागावू नकोस. गच्चीवरच्या कुंडीला पाणी घातलंस का? हे बघ, ऐक ना, आता बदलला. कोरडी फळी घेतली त्याने. लिहू नकोस. ऐक.’

माझ्या हाताने ‘लिहू नकोस’ हेही लिहून घेतले. हे वाचून मी वही मिटली, उठले, तोंड धुतले आणि स्वतःला जे म्हणायचे ते म्हणून घेतले. ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मग पुन्हा उघडली, कारण साक्ष कुठे संपते ते तपासल्याशिवाय लघुलेखक वही मिटत नाही. ‘ऐक’ याच्या पुढे काही नाही. पान अर्धे कोरे. पुढचे पान कोरे. त्यापुढची सगळी कोरी. त्या वहीत माझे अक्षर चार वाजून दहा मिनिटांनी सुरू होते आणि फार तर सव्वाचारला थांबते. ते गेले पावणेसहाला. मधल्या दीड तासाची नोंद नाही. ते गप्प होते म्हणावे, तर तसे नाही. बोलत होते, हे मला माहीत आहे. म्हणजे मी पेन्सिल खाली ठेवली होती.

उभ्या आयुष्यात माणूस बोलत असताना मी पेन्सिल खाली ठेवली अशी दुसरी वेळ नाही. आणि अकरा वर्षे मी स्वतःला शिव्या घातल्या त्या नेमक्या त्याच दुपारबद्दल. वही कपाटात, हाताच्या अंतरावर होती. असल्या मूर्खपणाला कायद्यात शिक्षा नाही, हे कायद्याचे न्यून आहे.

तेव्हा थोरल्यास: त्या दीड तासात तुझे बाबा काय बोलले ते मला शब्दशः सांगता येणार नाही. खिडकीतून ओल्या लाकडाचा वास येत होता. त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर होता आणि तो गरम होता. दोनदा ते हसले, एकदा मीही हसले. कशाला, ते डोक्यातून गेले. तुझे नाव आले होते, आणि आवाजात राग नव्हता. याची माझ्याकडे नक्कल नाही. मी तिथे होते.

निळी वही थोरल्याला, लिहिलेल्या अर्ध्या पानासह आणि कोऱ्या पानांसह. कोऱ्या पानांवर कोणी काही लिहू नये.

मात्र वही मी मेल्यावर त्याच्या हाती पडावी हे मला मान्य नाही. आज मंगळवार आहे, मंगळवारी तो दुपारी येतो. हे कलम मी त्याला स्वतः वाचून दाखवणार आहे, आणि या वेळी आवाजात चढउतार आला तर येऊ देणार आहे. नंतर तो जे बोलेल ते मी उतरवून घेणार नाही. पेन्सिली सगळ्या आत ठेवल्या आहेत. हे पेनही सही झाली की सुतार खाली घेऊन जातील.

येथे मृत्युपत्र पुरे झाले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, दोन्ही माझ्या हातची.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, खिडकी उघडी.
दिनांक: १४ मे २०१९, मंगळवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे.

(सही) लिहून ठेवणार, निवृत्त लघुलेखिका

साक्षीदार:

१. (सही) डॉक्टरीणबाई. माझे घड्याळ आता बरोबर लावले आहे.

२. (सही) सुतार, तळमजला. मी म्हटलं, बाई, एवढं सगळं वाचायचं का? बाई म्हणाल्या, साक्षीदाराने वाचायचं नसतं, सही होताना समोर हजर राहायचं असतं. तेवढंच कायद्याला लागतं. बाईंनी सही केली. आम्ही दोघे समोर होतो, आणि बघत होतो.