गिअरवाली

रोहा,
ता. १२ ऑगस्ट १९९८

चि. नितेश यास प्रणिताताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. आमची लावणी आटोपली. आईचा गुडघा पावसात धरतो, तरी खाचरात उतरायचे काही सोडत नाही. कचेरीत दाखल्यांसाठी रांगा आहेत. रामवाडीचे तुझे दुकान बरे चालले असेल.

यंदा राखी आली नाही, पोस्टात हरवली असेल, असे तू लिहिलेस. हरवली नाही. मी पाठवली नाही.

आणि गाडी मागितलीस. नुसती उभी राहून सडेल, त्यापेक्षा पेणला आणतो, म्हणालास. ती मी विकली. कोलाडचे गोविंदा मास्तर घेऊन गेले.

गेल्या वर्षी गाडी बघायला अण्णांना घेऊन आपण पनवेलला गेलो होतो, तिथे एक जण आपली ऑटोमॅटिक विकत होता. पोलिओने माझ्या डाव्या पायात जोर ठेवला नाही, पण उजवा धड आहे. जिला क्लचच नाही ती गाडी मला चालवता येईल, एवढी साधी गोष्ट. मैदानात मी एक फेरी मारली. मागे बसलेले अण्णा उतरल्यावर तुला म्हणाले, "बघ रे, चालवते की पोर!"

परतताना तुझ्या दुकानावर थांबलो. तुझी मित्रमंडळी चहा पीत होती, सगळे गाड्यांतले दर्दी. एकेक सुरू झाला. चढाला दम टाकते. पेट्रोल पिते. बिघडली तर पेण-रोह्यात हात कोण लावणार? तू म्हणालास, "गिअर पडताना हाताला कळलं पाहिजे गो. नायतर ती गाडी कसली, पाळणा तो!" इथवर ठीक होते. मीही वाद घालत होते, मजा येत होती. मग रघू म्हणाला, "लंगड्यांची गाडी ती." माझ्यासमोर म्हणाला. आणि तू हसलास.

तुझे म्हणणे पटले म्हणून मी गिअरवाली घेतली, असे तू आजवर समजतोस. मी ती तुझ्या हसण्यामुळे घेतली. ती ऑटोमॅटिक दारात उभी राहिली असती तर वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तेच नाव आले असते, असे वाटले. पैसे माझे, पसंती तुझी. "मी हाय ना ताई. फोन कर, तासाभरात दारात," असे म्हणालास. पहिले दोन महिने आलासही.

फेब्रुवारीत त्या सकाळी अण्णा वालाच्या शेतातून आले ते छाती धरूनच. आई बाजारात गेली होती. शेजारी काळुरामकाकांकडची माणसे शेतावर होती, मी आत जाऊन त्यांच्या फोनवरून तुला फोन केला. तू म्हणालास, "गॅस असेल गो. सोडा दे. गिऱ्हाईक हाय, दुपारून येतो."

पुढचे मी कोणालाच सांगितलेले नाही. आईलाही नाही.

अण्णांना मी मागच्या सीटवर निजवले. चावी फिरवली. डावा पाय हाताने उचलून क्लचवर ठेवला आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबला. हात काढला की गाडी उसळी मारून बंद पडे. तीनदा पडली. चौथ्यांदा ती फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली. अण्णा मागून म्हणाले, "राहू दे, पोरी. रिक्षा बघ."

वीस मिनिटे गेली होती. मी रस्त्यापर्यंत चालत गेले, माझ्या चालीने. रिक्षा मिळाली. दवाखान्याच्या पायरीशी अण्णा गेले.

ती वीस मिनिटे माझी आहेत. आधीच रिक्षा बघायला हवी होती. त्या दिवशी मला कोणाला तरी दाखवायचे होते की मीही ही गाडी चालवू शकते. कोणाला, ते तुला सांगायला नको. पण ती मिनिटे मी तुझ्या माथी मारत नाही.

तेराव्याला पंगत उठत होती तेव्हा तू गाडीभोवती फिरलास आणि मला बाजूला घेऊन विचारलेस, "बंपरला पोचा कसा पडला गो?" अण्णा शेवटचे काय बोलले, हे नाही विचारलेस. मी "माहीत नाय" म्हटले. आता तुला माहीत झाले.

मी ठाण्याहून दुसरी गाडी आणली आहे. ऑटोमॅटिक. लायसनसाठी तीन खेपा घालाव्या लागल्या. आता कचेरीत मी स्वतः जाते, आईला डॉक्टरकडे नेते. चढाला ती खरेच दम टाकते. पेट्रोलही पिते. तुम्ही कोणी खोटे बोलला नव्हतात.

गेल्या रविवारी एकटीच गडबपर्यंत गेले होते. तिथून तुझे दुकान काही लांब नव्हते. रस्त्याकडेला थोडा वेळ थांबले, मग गाडी वळवून घरी आले.

आई तुझी वाट बघते. तिला भेटून जा. मी सातला घरी येते, त्याआधी निघ.

कळावे म्हणून एवढे लिहिले. लोभाचे काही लिहीत नाही.

प्रणिता