आईची शेंगाचटणी

रविवार, संध्याकाळ

आई गेल्यापासून बाबा आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. समुपदेशक बाई आज घरी आल्या आणि म्हणाल्या, "बोलू नका, दोघं मिळून आईची शेंगाचटणी कुटा." ही कसली थेरपी, असंच वाटलं मला. दादा कुटायला लागला, बाबा लसूण सोलत होते. उखळाचा तोच आवाज! लहानपणी रविवारी त्यानंच जाग यायची... किती दिवसांनी ऐकला तो आवाज.

बाबांनी चाखली. "लई तिखट झाली. तिची अशी नसायची."

"अशीच असायची, बाबा. तुमच्या पित्तामुळं तुमची ती वेगळी, कमी तिखट कुटायची," दादा म्हणाला.

बाबांना हे ठाऊकच नव्हतं! त्यांनी अजून एक चिमूट चाखली. मग दादाला म्हणाले, "अजून काय काय करायची रं ती?"

दादा अजून सांगतोय.