म्हातारे, हल जरा

४ फेब्रुवारी, रविवार

आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी आणि वरच्या मजल्यावरची ही खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर ऊन, आणि शहाणपण शिकवायला आसपास कुणी नाही. काम चष्म्याच्या दुकानात, काचा घासायचं. मालक अबोल, दुकान दुपारी एक ते चार बंद. घरमालकीणबाईंनी एवढंच सांगितलं की भिंती पातळ आहेत, आवाज जरा बेतानं. मी हसून मान डोलावली.

आणि आज जुन्या बाजारातून कॅसेट डेक उचलला. काय देखणा आहे! चंदेरी चेहरा, दोन थरथरते काटे, जाडजूड बटणं. सोबतची माहितीपुस्तिका मागितली तर दुकानदार म्हणाला, ती पहिल्या मालकाबरोबरच गेली. वर म्हणे, जुनी मशीन आहे ताई, म्हाताऱ्या माणसासारखी, गोड बोलून चालवा. मी तिचं नावच म्हातारी ठेवलं.

ऐकायची आहे एकच कॅसेट. आईची. ऑक्टोबरात ती गेली, तेव्हा आमच्या अबोल्याला दोन वर्षं झाली होती. भाचीच्या लग्नात सगळ्या गोतावळ्यासमोर म्हणाली, हिच्या जिभेला हाड नाही, म्हणून नवरा टिकला नाही. त्यानंतर मी तिचा फोन उचलला नाही. मग तिनं चार दुपारी बसून माझ्यासाठी ही कॅसेट भरली. दादानं ती माझ्या हातात ठेवली, आणि आईचा टेपरेकॉर्डर त्याच आठवड्यात भंगारात घातला. अक्कल बघा! म्हणे, गावातल्या दुकानात नेऊन मी ऐकवतो तुला. नको त्याचे उपकार. माझं मी बघेन.

७ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी म्हातारी उघडली. चष्म्याचे बारीक स्क्रू ड्रायव्हर इथे बरे कामाला आले. आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता. स्पिरिटनं पुसता पुसता बोटं काळी. दोऱ्यानं माप घेतलं, शिलाई मशीनच्या दुकानातून बारीक पट्टा आणला, बसवला. आईची कॅसेट कपाटातच ठेवलीय. पहिली चाचणी भंगारातल्या एका कॅसेटवर.

बटण दाबलं. टक्. मोटर घरघरते, चाक ढिम्म. आधी गोडीगुलाबीनं घेतलं, हो. तासभर. मग डोकं फिरलं. झाकणावर चापट मारली आणि ओरडले, "म्हातारे, किती वेळ लोळत पडणार? हल जरा!"

आणि हललं की चाक! चार फेरे घेऊन पुन्हा बसलं, पण हललं. गोड बोला म्हणे. लाथों के भूत असतात ही!

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दबावाचं रबरी चाक घासलं, टेप जिथे घासून जाते ते डोकं कापसानं पुसलं. तरी ढिम्म. माहितीपुस्तिका असती तर पाच मिनिटांचं काम, पण नाही, सगळं मीच शोधायचं.

मध्येच दादाचा फोन. मला न विचारता शेवटच्या दिवसाचं पुराण. म्हणे, दुपारी उठवायला गेला तर आई थंड, आणि मुठीत हृदयाच्या दोन गोळ्या तशाच. मग तू काय झोपला होतास का, विचारलं. फोन आपटला आणि सगळा राग म्हातारीवर निघाला. "कुणी बांधलं तुला माझ्या गळ्यात? डोक्याला ताप नुसता!"

दहा मिनिटं सलग चालली.

संध्याकाळी जिन्यात घरमालकीणबाई भेटल्या. आई राहायला आलीय का, म्हणाल्या. असं बोलू नये गं वयस्कर माणसाला. मशीन आहे ती, मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. भोचक कुठली.

११ फेब्रुवारी, रविवार

आज शेवट करायचाच म्हणून बसले. सकाळी अकरापासून. पट्टा दोनदा काढला, दोनदा घातला, अंगठा कापला. तीन वाजता माझा बांध फुटला. स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर फेकला आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "मर एकदाची, म्हातारे! मर, आणि मला मोकळं कर!"

आणि चालली. न अडखळता, दोन्ही बाजू, अथपासून इतिपर्यंत. जिंकले! रात्री गाढ झोप लागली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज आईची कॅसेट लावली. पहिली बाजू.

तोच आवाज. खाकरली. माझी निळी शाल ट्रंकेत सापडली म्हणाली, धुऊन ठेवलीय, कधीतरी ये म्हणाली. मी रडले, लपवत नाही.

मग बोलता बोलता थांबली. कान देऊन ऐकावं तशी. म्हणाली, "उठते गं. लोळत नाही मी. गुडघे दुखतात."

खटका पडला. पुढचा दिवस असावा. डाळीचा डबा शोधत होते, असं काहीबाही सांगत होती, आणि मध्येच, अगदी बारीक आवाजात: "तुझ्या गळ्यात मी कशी पडेन? मी दादाकडेच राहीन."

पुन्हा खटका. बराच वेळ काहीच नाही, नुसता श्वास. मग एकच शब्द.

"बरं."

बाजू संपली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

कामावर गेले नाही.

कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही टिकल्या मोडलेल्या आहेत. तिच्यावर काही भरता येत नाही. आणि मी ओरडत होते तेव्हा ती कपाटात होती, डबीत. आईनं ती ऑक्टोबरात भरली. मी ओरडले आत्ता. मग तिनं—

दादाला फोन केला. विचारलं, कॅसेट भरताना ती कशी होती. तो म्हणाला, मध्येच गप्प व्हायची. डोळे पुसायची. तिसऱ्या दुपारी त्याला म्हणाली, तुझी बहीण बोलली रे माझ्याशी. तो खूश झाला. काय बोलली, विचारलं, तर सांगेना. चौथ्या दुपारी टेपरेकॉर्डर घेऊन बसली, आणि मग ते गोळ्यांचं.

चौथी दुपार दुसऱ्या बाजूला असणार. मी अजून ऐकलेली नाही. म्हणजे अजून तिला थांबवता—

तासभर मशीनसमोर हात जोडून बसले. आई, चुकले. आई, ते तुला नव्हतं गं, मशीनला होतं. चाक ढिम्म. माझं गोड बोलणं तिला पोचत नाही की काय. शिवी मात्र बरोबर पोचते! जिभेला हाड नाही म्हणाली ते खोटं होतं का? आग लागो या जिभेला.

१५ फेब्रुवारी, दुपार

दुसरी बाजू लावतेय. तोंडावर रुमाल घट्ट बांधलाय. एक शब्द बाहेर जाता कामा नये. म्हणून लिहितेय.

बटण दाबलं. आपणहून चालली.

आई. म्हणतेय, काल तू बोललीस ते ऐकलं. रागावले नाही.

म्हणतेय, "गोळ्या हातात आहेत. दोन. तू घे म्हणालीस तर घेते. नाहीतर तुला मोकळं करते."

थांबलीय. ऐकतेय.

मी गप्प. या मशीनसमोर माझ्या तोंडून कधी चांगलं निघालंय? गप्पच बरी. गप्प राहिले तर काही वाईट—

श्वास ऐकू येतोय तिचा.

म्हणाली, "अजून अबोलाच का गं?"

नाही! आई, नाही— रुमाल— गाठ सुटत नाही— सुटली. घे म्हणाले. घे, आई, घे! घसा फुटेस्तोवर—

चाक थांबलं.

ऐकलं का तिनं? कळत नाही. पुढे सरकल्याशिवाय कळणार नाही. आई तिथे मूठ धरून बसलीय, आणि ही हलत नाही. आत्ताच थांबायचं होतं हिला! हिला शिवीशिवाय— नको. गोड बोलते. हल गं बाई. हल. पाया पडते. अगं हल ना, म्हातारे, म—