चाकांचे वीस नट

दादा,

मी मावशीकडे राहायला जाते आहे. तुला काही फरक पडणार नाही, म्हणून आधी सांगितलं नाही.

तुझ्या लाडक्या सेकंडहँड स्पोर्ट्स कारचे ब्रेक पॅड मी आज सकाळी बदललेत. स्प्रिंगा गेल्या आठवड्यातच बदलून गाडी दीड इंच खाली आणली होती, तुला हवी होती तशी. काल दारात उभा राहून मित्रांना सांगत होतास, "सगळं मी स्वतः करतो. बहिणीला तर पाना कुठून धरायचा तेही कळत नाही." सगळे खो खो हसले. तेव्हा मी आत हात धूत होते. तुझ्याच गाडीचं बदललेलं ऑइल हातावरून निघता निघत नव्हतं.

चाकांचे वीसच्या वीस नट मी घट्ट आवळलेत. खरंच आवळलेत. पण आज मित्रांना घेऊन घाटात जाशील, तेव्हा पहिल्याच वळणावर ब्रेक दाबताना माझी आठवण येईल ना? विश्वास बसत नसेल तर निघायच्या आधी तपासून बघ. पाना कपाटाच्या खालच्या खणात आहे.

दहा वाजता मित्र येतीलच. पाना कुठून धरायचा, ते त्यांना विचार.