एक रिंग म्हणजे सगळं ठीक

रविवार, १ नोव्हेंबर २००९. सकाळी ७.
निनाद मासेरूला जाऊन आज तीन आठवडे झाले. काळजी करायची नाही, असं ठरवलं आहे. ठरवलेलं मी पाळते. तेवढ्यासाठीच ही वही.

मंदीत इथल्या ऑफिसच्या ऑर्डरी गेल्या. मालक हमीदभाईंनी निनादला विचारलं, लेसोथोतल्या आपल्या शर्टांच्या कारखान्यात जातोस, की खलास? तो गेला. आमचे व्हिसा त्याच्याच नोकरीवर, म्हणून मी, सून ऋता आणि नात अवनी इथे दुबईत, देऱ्यातच. लेसोथो म्हणजे चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका, मासेरू त्याची राजधानी. अवनीच्या ॲटलासमध्ये माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

नियम असा: रोज संध्याकाळी आठला निनाद घरच्या फोनवर रिंग देणार. एक म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे आपण फोन करायचा. उचलायचा मात्र नाही. त्याचा नंबर इथलाच, प्रीपेड, तिथे रोमिंगवर चालतो. उचलला की बॅलन्स खातो. मला नियम नवा नाही. ह्यांचाच होता. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

रात्री ८.०५.
रिंग आली. उचलला. चुकून. फोन पुसत होते.

मंगळवार, ३ नोव्हेंबर.
लेसोथोच्या राजकारणाचा अभ्यास सुरू. माझी शाळा सातवीत सुटली, वाचन नाही सुटलं. खालच्या मजल्यावरचे सदानंदभावजी निनादच्याच ऑफिसात अकाउंट्स बघतात. ते मासेरूहून येणारी जुनी वर्तमानपत्रं आणून देतात.

तिथे दोन वर्षांपूर्वी निवडणूक झाली, भांडण अजून मिटलेलं नाही. ऐंशी जागा थेट निवडून यायच्या, चाळीस मतांच्या प्रमाणात वाटायच्या. थेट जागा जिंकलेल्या पक्षानं मित्रपक्षाच्या नावानं त्या चाळिसांतल्याही घेतल्या, जागावाटप चुकलं, असं विरोधकांचं म्हणणं. अवनीला समजावलं: पंगतीत एकदा आपल्या नावानं जेवायचं आणि मग मेव्हण्याच्या नावानं पुन्हा पान मांडून घ्यायचं. ती म्हणाली, आजी, दॅट्स चीटिंग. मी म्हटलं, मेव्हणा खरा असेल तर? ती म्हणाली, देन इट्स पॉलिटिक्स. पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेली.

आठला उचलला. मुद्दाम नाही.

गुरुवार, ५ नोव्हेंबर.
सदानंदभावजी जिन्यात भेटले. सोमवार-मंगळवार तिथे बंदची हाक आहे म्हणाले. वहिनी, घाबरू नका, इन्शाल्ला काही होणार नाही. मी म्हटलं, मला कशाला घाबरायला होतंय? मग पिशवी जिन्यातच विसरून वर आले. कांदे होते.

आठला उचलला. केवळ माहितीसाठी. जागावाटपाबद्दल लोक काय म्हणतात, विचारलं. निनाद म्हणाला, आई, मी इथे शर्टांच्या बाह्या मोजतो, खासदार नाही. आणि उचलू नकोस गं.

ऋतानं विचारलं, उचललात का? मी म्हटलं, हात लागला.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर.
मंडळाच्या बायकांपुढे जागावाटपावर वीस मिनिटं बोलायचं ठरवलं होतं. चार मिनिटं बोलले. पंगत सगळ्यांना पटली, पुढचं कुणाला नको होतं. हेमाने विचारलं, तिथे कढीपत्ता मिळतो का हो? माहीत नव्हतं. अभ्यासात त्रुटी.

आठला विचारून घेतलं. मिळत नाही.

रविवार, ८ नोव्हेंबर. रात्री ८.१०.
आज उचलायचाच नाही, असा पक्का निश्चय. दोन्ही हात कणकेत ठेवले. कणकेच्या हातानं उचलला. निनाद म्हणाला, आई, नको ना उच... आणि लाइन कट.

बंदच्या आदल्या दिवशीच कट. हा योगायोग नाही. सरकारनं फोन तोडले असणार. ऋताला सांगितलं. ती म्हणाली, आई, आधी रिसीव्हर पुसा.

सोमवार, ९ नोव्हेंबर. रात्री ८.४०.
रिंग नाही.

ऋतानं मोबाइलवरून लावून बघितला. संपर्क होऊ शकत नाही, असं एक बाई इंग्रजीत आणि अरबीत सांगते. तिच्या आवाजात काडीची काळजी नाही. माझ्याही नाही. डायल टोन अकरा वेळा तपासला, यंत्र म्हणून. आमटीत मीठ दोनदा पडलं. अवनी न बोलता जेवली. तेच मला आवडलं नाही.

मंगळवार, १० नोव्हेंबर. रात्री ८.३०.
आजही नाही. कारखान्याचा फोन दिवसभर वाजतो, उचलत कुणी नाही. ऋता म्हणाली, बंद आहे ना आई, ऑफिस बंद असेल. तिनंही सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

ह्यांची त्या दिवशी एक रिंग आली होती. सहाला, अल क्वोजच्या गोदामातून, रोजच्यासारखी. एक म्हणजे निघालो, सगळं ठीक. मी कुकर लावला. उचलायचा नाही, म्हणून उचलला नाही. साडेसातला ह्यांच्या गोदामातला याकूब दारात उभा. म्हणाला, फाटकापाशीच खाली बसले, फोन हातात होता.

काही सांगायचं असेल का, कोण जाणे.

हे इथे लिहायचं नव्हतं.

बुधवार, ११ नोव्हेंबर. दुपारी ३.
मी स्वतः ऑफिसात गेले. चांगली साडी नेसले. फाइलमध्ये कात्रणं आणि वर अर्ज: माझ्या मुलाला ताबडतोब परत बोलवा.

हमीदभाईंनी चहा मागवला. पंगतीची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. म्हणाले, खाला, तुम्हारे बेटे से जादा तो तुमको मालूम है. मग त्यांनी कारखान्यात फोन लावला. तिसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला, त्यांनी निनादला बोलवायला सांगून रिसीव्हर माझ्या कानाशी धरला आणि पाठोपाठ निनादचा आवाज.

आई? अगं बॅलन्स संपलाय. रविवारीच. रोमिंगवर मग येणारे फोनही लागत नाहीत. रोज उचलत होतीस ना. ऑफिस दोन दिवस बंद, मेलही करता आला नाही. रस्त्यावर शुकशुकाट होता. मी गेस्ट हाउसवर बसून नऊ शर्ट इस्त्री केले.

अभ्यासात ही शक्यता नव्हती.

हमीदभाईंनी रिसीव्हर हातात धरूनच विचारलं, खाला, बुला लूँ? पण सांगतो, इथे आता त्याचं टेबल नाही. व्हिसा कॅन्सल, तीस दिवसांत सगळे इंडिया. बोलो, बुलाऊँ?

निनादला तिकडे सगळं ऐकू जात होतं. अर्ज माझ्यासमोर होता, सहीसकट.

मी म्हटलं, राहू दे. तिथेच राहू दे. जरा मोठ्यानं म्हटलं, त्याला ऐकू जावं म्हणून.

येताना आमच्याच बिल्डिंगखालच्या ग्रोसरीतून निनादच्या नंबराचं रिचार्ज घेतलं. तीस दिरहम, पावणेचारशे रुपये. दोन मिनिटांचं काम. तीन दिवस त्याच दुकानावरून जात-येत होते.

गुरुवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.५०.
नवी व्यवस्था. फोनवर टॉवेल, टॉवेलवर ॲटलास. अवनी पहाऱ्याला. ऋतानं मला अवनीची शप्पथ घ्यायला लावली. मी शप्पथ मानत नाही, पण घेतली. मी बाल्कनीत, हाताची घडी घालून. निनाद सुखरूप आहे. कारखाना सुरू झाला. जागांचं भांडण ते बघून घेतील. उचलायचं आता काही कारणच उरलेलं नाही.

रात्री ८.०२.
एक रिंग. सगळं ठीक.

अवनी म्हणाली, आजी, डोन्ट.

उचलला. निनाद रागावला नाही. नुसतं म्हणाला, आहे गं आई, मीच आहे. मी काहीच बोलले नाही, बॅलन्स जाऊ नये म्हणून. त्याचा श्वास ऐकला आणि ठेवला.

ग्रोसरी साडेअकरापर्यंत उघडी असते.